आपल्या दुकानाची पायरी



शनिवारचा काष्टीचा बाजार ज्याने पाहिला आहे, त्याला त्याचे वर्णन ऐकवावयास नको. भीमा ओलांडून दौंडकडून येणाऱ्या गाड्या, शेळ्यामेंढ्यांनी भरलेले टेम्पो, बैलाचा जबडा उघडून दात पाहणारे दलाल, आणि या सर्वांतून वाट काढीत आठवड्याचा बाजार भरणारी खेड्यापाड्यांची माणसे. अशाच एका शनिवारी, दुसरा शनिवार असल्यामुळे कोर्टाला सुट्टी होती म्हणून, मी आपल्याच एका बंधूच्या दुकानात बसलो होतो. विजेच्या सामानाचे दुकान. आत भिंतीवर तथागतांची आणि पूज्य बाबासाहेबांची तसबीर, गल्ल्याजवळ धूळ पुसून ठेवलेला पंचशील ध्वज. दुकानाला रस्त्यापासून तीन पायऱ्या. मालक सचोटीचा, मापात पाप नाही, उधारीवर व्याज नाही, नोकराला वेळच्या वेळी पगार.

इतक्यात हाताने चालवावयाच्या तीनचाकी सायकलीवर एक गृहस्थ खाली येऊन उभे राहिले. त्यांनी हाक मारली. गर्दीत ती कोणाला ऐकू गेली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली, तेव्हा दुकानातला मुलगा वायरीचे एक वेटोळे घेऊन खाली गेला. ते त्यांना हवे होते त्या जाडीचे नव्हते. मुलगा वर आला, दुसरे घेऊन गेला, तेही नव्हते. तिसऱ्या खेपेस त्या गृहस्थांनी जे हातात आले तेच घेतले, सांगितले ते पैसे दिले आणि निघून गेले. फळीवर आणखी चार प्रकार होते. त्यांचे भाव काय होते, हे त्यांना कळलेच नाही.

मी मालकाला विचारले. तो प्रांजळपणे म्हणाला, "वकीलसाहेब, आम्ही त्यांना नेहमी खालीच देतो. त्यांना वर यायची तसदी कशाला?"

हे वाक्य मी यापूर्वी ऐकले होते. माझे आजोबा सांगत की, त्यांच्या तरुणपणी वाण्याच्या दुकानी ते गेले म्हणजे वाणी ओट्यावरून हेच म्हणे: तू वर कशाला येतोस, तुला खालीच देतो. पैसे लांबून टाकावयाचे, त्यावर पाणी शिंपडले जावयाचे, आणि पुडी वरून पदरात पडावयाची. कोणता गूळ काळा, कोणता पिवळा, हे पाहण्याचा अधिकार खाली उभ्या असलेल्याला नव्हता. निवड करणे हा वर चढलेल्याचा हक्क होता.

आता कोणी म्हणेल की, वकीलसाहेब, ही तुलना अन्यायाची आहे. तो वाणी आम्हाला मनुष्य मानीत नव्हता. आमच्या दुकानदाराच्या मनात असा विटाळ कोठे आहे? हे मला मान्य आहे, आणि दोहोंची मी सरसकट बरोबरी करीत नाही. अस्पृश्यता ही धर्माची मोहोर उमटवून पिढ्यान् पिढ्या चालविलेली गुलामगिरी होती. तीन पायऱ्या हा केवळ गवंड्याचा आणि मालकाचा निष्काळजीपणा आहे. परंतु कायद्याच्या धंद्यात आम्हाला एक गोष्ट लवकर शिकावी लागते: हेतू वेगळा आणि परिणाम वेगळा. हेतू शुद्ध होता म्हणून परिणाम भोगणाऱ्याचे नुकसान कमी होत नाही. पंढरीस चोखोबांना ज्या पायरीपाशी थांबविले गेले, ती पायरी आपण विसरलेलो नाही. मग आपल्या स्वतःच्या दुकानापुढे आपण बांधलेली पायरी आपल्या डोळ्यांना का दिसू नये?

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड आपण एकदा अवश्य वाचावा. देशाच्या मूलभूत कायद्यात दुकानांचा, उपाहारगृहांचा, विहिरींचा आणि रस्त्यांचा उल्लेख यावा, ही जगातील राज्यघटनांत विरळा गोष्ट आहे. तो उल्लेख तेथे आला तो आपल्या बापजाद्यांना दुकानाबाहेर उभे केले जात होते म्हणून. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणावरून दुकानाचे दार बंद करता येणार नाही, असे तो खंड सांगतो. त्या यादीत शारीरिक अपंगत्वाचा शब्द नाही. ती उणीव भरून निघण्यास पुष्कळ वर्षे लागली. १९९५ साली पहिला कायदा झाला. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार भारताने २००७ साली स्वीकारला. आणि त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला.

या कायद्याचे ९२ वे कलम मी प्रथम वाचले तेव्हा थबकलो. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी, मानहानी करण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीचा बुद्धिपुरस्सर अपमान करणाऱ्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. ज्यांनी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वाचला आहे त्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील. वाक्यरचना जवळजवळ तीच, शिक्षाही तीच. ज्या ढालीसाठी आपल्या समाजाने रक्त आटविले, तीच ढाल कायदेमंडळाने या बांधवांच्या हाती दिली आहे. मग एखाद्या लंगड्या माणसाला त्याच्या व्यंगावरून हाक मारणारा आपल्यापैकी असेल, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहावयाचे?

नावाविषयी एक गोष्ट ओघात सांगतो. 'दिव्यांग' हा शब्द आता सरकारी झाला आहे आणि कायद्याच्या मराठी नावात तो आला म्हणून मीही तो लिहितो. परंतु तो माझ्या जिभेवर सहज येत नाही. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षाच्या सभासदांसह सभागृहाबाहेर निघून गेले. माणसाला देवाचा म्हणावयाचे आणि माणसाचे हक्क द्यावयाचे नाहीत, ही युक्ती आपल्याला नवी नाही. ज्यांचे नाव आहे त्यांना जे आवडेल ते त्यांनी घ्यावे. आपण नावापेक्षा दाराच्या रुंदीकडे लक्ष द्यावे.

आणि हे लोक म्हणजे कोणी परके आहेत असे समजू नका. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांचे प्रमाण शेकडा २.२१ आढळले; अनुसूचित जातींत ते २.४५ होते. कडबाकुट्टीत बोटे गमावलेला, मळणीयंत्रात हात गेलेला, विहिरीच्या कामावर कंबर मोडलेला मनुष्य कोणत्या घरातून येतो, हे श्रीगोंद्याच्या कोर्टात नुकसानभरपाईचे कागद पाहताना मला रोज दिसते. अंगमेहनतीची आणि धोक्याची कामे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्याच वाट्याला हे व्यंगही आले. लहानपणी वेळेवर औषध न मिळाल्यामुळे आलेले बहिरेपण आणि अंधत्व यांचीही तीच कथा.

नवदीक्षित कुटुंबांत आज दुकाने निघत आहेत, पिठाच्या गिरण्या निघत आहेत, शिवणकामाचे वर्ग, झेरॉक्सची केंद्रे, चहाची हॉटेले निघत आहेत. याचा मला अभिमान आहे. धंदा हे आपल्यासाठी नुसते पोटाचे साधन कधीच नव्हते. शतकापूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी पाण्याच्या हौदाला स्पर्श केला म्हणून मार खाल्ला. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले, आणि स्वतः तेथे थांबून, बरोबरच्या मंडळींसह त्यांच्या हातचा चहा घेतला. एका पेल्यात किती मोठी राजनीती होती! उलट बाजूही आठवा. बडोद्याची नोकरी सोडून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. सल्ला देणारा महार आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो धंदा बसला. धंद्याच्या दारातून कोण आत येऊ शकतो, हा प्रश्न आपल्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

बडोद्याचीच गोष्ट पुढे नेतो. १९१७ साली तेथे बाबासाहेबांना नोकरी मिळाली होती. आजच्या भाषेत सांगावयाचे तर 'संधी' दिली गेली होती. परंतु कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकीत, प्यावयास पाणी मिळत नसे, राहण्यास जागा नव्हती. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तेथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काहींनी हरकत घेतली. तात्पर्य, नेमणुकीचा कागद हातात पडला म्हणजे काम करण्याची जागा मिळाली असे होत नाही. पाणी, बसावयाची जागा, सहकाऱ्याची वागणूक, या गोष्टी मिळून ती जागा होते.

आता आपल्या एखाद्या शिवण-केंद्रात कुबडी घेऊन येणारी एखादी मुलगी कामाला आहे असे समजा. मालकीणबाईंनी तिला मोठ्या मनाने ठेवून घेतले आहे. शौचकूप मात्र मागच्या अंगणात, दोन पायऱ्या उतरून, ओल्या फरशीवरून. ती मुलगी काय करील? दिवसभर पाणी पिणार नाही. अशा मुली मी पाहिल्या आहेत. बडोद्याच्या कचेरीत पाणी नाकारले गेले. येथे कोणी नाकारीत नाही, तरी तहानलेली ती राहतेच.

धम्म या बाबतीत काय सांगतो? सम्यक आजीविका म्हणजे शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार न करणे, एवढे बहुतेकांना पाठ असते. (प्राण्यांच्या व्यापाराचा विषय काष्टीत बसून काढला तर आजचा अंक पुरणार नाही, तो पुन्हा कधीतरी.) परंतु काय विकू नये एवढ्यावर तथागत थांबले नाहीत. सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला केलेल्या उपदेशात त्यांनी मालकाची नोकराप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत, आणि त्यांतील पहिलेच कर्तव्य असे की, ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे. मग वेतन आणि अन्न, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा, आणि वेळेवर विश्रांती. बाबासाहेबांनीही आपल्या धम्मग्रंथात उपासकांच्या विनयामध्ये धनी आणि सेवक यांच्या कर्तव्यांना स्वतंत्र जागा दिली आहे.

शक्तीप्रमाणे काम या शब्दांचा मात्र विपरीत अर्थ लावणारेही भेटतात. "त्याची शक्तीच अर्धी, म्हणून पगारही अर्धा" असा तो अर्थ. हा अर्थ नुसता लोकांच्या डोक्यात होता असे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या २६ व्या कलमात अपंग कामगारांच्या वेतनाला तो कायदा लागू करू नये असे ठरविण्याची मुभा सरकारला ठेवलेली होती. मला विचाराल तर तथागतांचा उपदेश याच्या नेमका उलट आहे. तेथे बदलावयाचे आहे ते काम, माणसाचे मोल नव्हे. पायाने शिवणयंत्र चालविता येत नसेल तर यंत्राला मोटर आणि हाताचा खटका बसवावा. एकच हात असेल तर माल धरून ठेवण्यास मेजाला चाप लावावा. ऐकू येत नसेल तर मागणी चिठ्ठीवर किंवा फोनवर लिहून द्यावी. दिसत नसेल तर आज फोन अक्षरे वाचून दाखवितो, आणि नोट कितीची हे सांगणारे रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे साधन २०२० पासून फोनवर विनामूल्य मिळते. एवढे केल्यावर त्याने केलेल्या शिवणाला तोच दर द्यावयाचा, जो शेजारच्या यंत्रावरच्या कारागिराला. कायद्यात याला वाजवी सोयसवलत म्हणतात: मालकाला असह्य होईल असा भार न पडता करता येण्याजोगा बदल.

हे शक्य आहे काय, असे विचारणाऱ्याने महाराष्ट्रातच पाहावे. वरोऱ्याचे आनंदवन ज्यांनी उभे केले ते बाबा आमटे मूळचे वकील. ज्यांची बोटे झडली होती त्या माणसांनी तेथे जमीन नांगरली, कापड विणले, आणि ते भिक्षेवर नव्हे, आपल्या उत्पादनावर उभे राहिले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः चाकाच्या खुर्चीवर. त्यांनी १९८४ साली अपंगांसाठी संस्था स्थापन केली आणि पुढे सिंधुदुर्गात काजूच्या कारखान्यात अपंग कामगारांना काम दिले. त्या मोठ्या संस्था, आपण लहान माणसे, हे खरे. पण लहान दुकानात एक सोय आहे जी कारखान्यात नाही: मालक आणि कामगार एकमेकांसमोर बसलेले असतात. काय अडते हे विचारण्यास समिती नेमावी लागत नाही.

कायद्याची धाव कोठपर्यंत आहे, हेही वकील या नात्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. सरकारी नोकऱ्यांत शेकडा ४ जागा राखीव आहेत, आणि नोकरीत असता अपंगत्व आलेल्यास सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही. खाजगी धंद्याला राखीव जागांचे बंधन नाही. समान संधीचे धोरण मात्र खाजगी आस्थापनेनेही जाहीर करावयाचे असते. वीस किंवा अधिक कामगार असल्यास ते सविस्तर, कमी असल्यास सोयींची नोंद करण्यापुरते. नवी इमारत सुगम नसेल तर तिला परवानगी देऊ नये असे ४४ वे कलम सांगते. सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात बजावले. एकट्या माणसाचे किराणा दुकान या व्याख्येत बसते की नाही, यावर एखादा हुशार वकील तासभर वाद घालू शकेल. तो वकील मी होऊ इच्छीत नाही. आपल्याला पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी महाडच्या चवदार तळ्याबद्दलही वर्षानुवर्षे असेच व्याख्यांचे वाद घातले गेले होते.

एवढा उपदेश करण्याचा मला अधिकार आहे काय? फारसा नाही. माझी स्वतःची कचेरी कित्येक वर्षे एका अरुंद जिन्याच्या वर होती. गुडघ्याखाली पाय नसलेले एक पक्षकार माझ्याकडे येत. ते रिक्षात बसून राहत आणि मी खाली जाई. आपण किती नम्र आहोत असे मला त्या वेळी वाटे. वकीलपत्रावर सही रिक्षात, जमिनीच्या वाटणीची हकीगत रिक्षात, भावाने केलेल्या दगलबाजीचे पुरावे रिक्षात. चहाच्या टपरीपाशी उभी असलेली माणसे सर्व ऐकत. एकदा त्यांनी मला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्यांच्या भावाच्या कानी पोहोचली आणि एक महत्त्वाचा साक्षीदार फुटला. ते मला एवढेच म्हणाले, "साहेब, बाकीच्यांचं तुम्ही दार लावून ऐकता." त्या दिवशी मला कळले की, माझ्या जिन्याने त्यांच्यापासून जे हिरावून घेतले ते वकिलाकडे जाणाऱ्या प्रत्येकाचे पहिले संरक्षण होते. तो दावा आम्ही हरलो. केवळ त्यामुळे हरलो असे मी म्हणणार नाही. पण त्यामुळे नाही असेही मला म्हणवत नाही. नंतर मी तळमजल्यावर जागा घेतली. भाडे अधिक आहे, आणि दार अजूनही पुरेसे रुंद नाही.

खर्चाचा प्रश्न उरतो. उतार बांधण्याचे माप सोपे आहे: एक फूट चढावयास बारा फूट लांबी. अर्ध्या फुटाची एक पायरी असेल तर सहा फुटांचा उतार. दार सुमारे तीन फूट मोकळे हवे. मोटारसायकल आत घेण्यासाठी दुकानापुढे जो घसरगुंडीसारखा उतार केलेला असतो, तो चाकाच्या खुर्चीसाठी चालत नाही; त्यावरून माणूस मागे उलटतो. आणि उतार केला म्हणजे त्यावर विक्रीची पिंपे मांडून ठेवू नयेत, हे सांगावे लागू नये, पण सांगतो. जे नवे दुकान बांधीत आहेत त्यांना जोत्याची उंची आणि उतार यांचा विचार आधीच केल्यास खर्च थोडकाच येईल. बांधून झाल्यावर फोडावे लागले तर तो येतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा शेकडा ५ हिस्सा अपंगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत उठून विचारावे. बाजारतळावरच्या रस्त्याची आणि शौचकुपाची मागणी एकट्या दुकानदाराने नव्हे, आपण सर्वांनी करावयाची आहे.

त्या विजेच्या दुकानदार बंधूला मी हे सर्व सांगितले. त्याने वाद घातला नाही. मोजण्याची फीत आणली. तीन पायऱ्या मिळून दीड फूट उंची भरली, म्हणजे अठरा फूट उतार हवा. दुकानापुढे रस्त्यापर्यंत जागा अवघी सात फूट. उतार भिंतीच्या कडेने न्यावा लागेल आणि त्यासाठी शेजारच्या दुकानापुढची थोडी जागा लागेल. शेजाऱ्याला त्याने विचारले आहे. होकार अद्याप आलेला नाही. तोवर त्याने वायरीच्या सर्व नमुन्यांचा एक फलक करून, प्रत्येकाखाली भाव लिहून, पायऱ्यांच्या खाली सायकलवरून हात पोहोचेल इतक्या उंचीवर लावला आहे, आणि शेजारी घंटेचे बटन. गेल्या शनिवारी ते गृहस्थ आले, त्यांनी घंटा वाजविली, फलकावरचे सगळे भाव वाचले, आणि महाग आहे म्हणून काही न घेता पुढच्या दुकानी गेले.